डेक्कन सिग्नेचर

"वैजय पुराणिक अजून आलेच नाहीत मॅडम," नोंदणीच्या टेबलामागची मुलगी म्हणाली. "ते आले की त्यांनाच देऊ न आम्ही किट."

"मीच वैजयंती पुराणिक," मी म्हटलं.

"जी?"

माझा आवाज मुळातच हळू. सासूबाई म्हणायच्या, हिला देवाशी बोलायची सवय, आणि तो जवळच असतो. मी पुन्हा सांगितलं. मुलीने गळ्यात अडकवायचं ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं. त्यावर 'मि. वैजय पुराणिक' असं छापलं होतं. नावाच्या रकान्यात मावली तेवढी अक्षरं कॉम्प्युटरने ठेवली होती, बाकीची गाळली होती आणि उरलेल्या माणसाला पुरुष ठरवून टाकलं होतं.

"होऊन जाईल न मॅडम. दुपारून नवीन छापून देतो. फक्त खोलीचं तेवढं पाहावं लागेल. ती पाठक सरांसोबत लागली आहे तुमची."

माझ्यामागे रांगेत उभा असलेला फिरोज मुजावर खोकल्यासारखं करून हसला. फिरोज आमच्या संस्थेतला संख्याशास्त्रज्ञ, मूळचा मिरजेचा. माझ्या टेबलाशेजारी त्याचं टेबल. "ताई," तो म्हणाला, "पाठक सरांना विचारा तरी, पहाटे घंटा वाजलेली चालेल का म्हणून."

हे सगळं घडलं त्याला बारा-तेरा वर्षं झाली. नागपूरला बायोइन्फर्मेटिक्सची मोठी परिषद भरली होती. आमचं काम सोप्या शब्दांत सांगायचं तर असं: माणसाच्या रक्तात हजारो प्रकारचे घटक असतात, त्या सगळ्यांचे आकडे कॉम्प्युटरला घालायचे आणि त्यांच्या गर्दीतून एखाद्या आजाराच्या पाऊलखुणा शोधायच्या. आमचे प्रमुख डॉ. यशोधन राजाध्यक्ष यांना अशा खुणा सापडल्या होत्या. त्या दिवशी दुपारी चहाच्या आधीच्या सत्रात ते जाहीर करणार होते की दख्खनच्या पठारावरच्या बायकांमध्ये मधुमेहाचा एक वेगळाच प्रकार आहे, जगात इतरत्र कुठेही न आढळलेला. आणि त्यानंतर लगेच एक औषधकंपनी त्या बायकांवर नवीन गोळीची चाचणी सुरू करण्याच्या करारावर सह्या करणार होती. कंपनीचे बत्रासाहेब त्यासाठी खास दिल्लीहून आले होते.

त्या बायका दोनशेच्या वर होत्या. त्यांतली एक इंदुताई. त्या माझ्या ओळखीच्या होत्या.

माणदेशातल्या एका गावी आमचं शिबिर होतं तेव्हा मी गेले होते. इंदुताईंचा हात मी धरला होता, कारण त्यांना सुईची भीती. नंतर अहवाल गेला, साखर वाढलेली. महिन्याभराने त्यांचा मला फोन आला. "बाई, नातवाचं बारसं झालं. पेढं वाटलं. म्या एकबी तोंडात घातला न्हाई. सून म्हनली, आत्या, आजच्या दिस घ्या. म्या म्हनलं, पुन्यास्नं लिवून आलंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "ती गोळी कवा यायची म्हनायची?"

त्या गोळीने साखर उतरायची. ज्याची चढलेलीच नाही त्याचीही उतरते, आणि उतरून फार खाली गेली तर माणूस शेतात भोवळ येऊन पडतं. हे मला ठाऊक होतं, आणि गेले काही महिने मला काहीतरी खुपत होतं. पण काय खुपतंय ते बोटात धरता येत नव्हतं.

खुपत होतं ते एवढंच. त्याच बायकांचं रक्त आम्ही पडताळणीसाठी दुसऱ्यांदा घेतलं होतं, घरी जाऊन, सकाळी सकाळी. तेव्हा बहुतेकींची साखर अगदी शहाण्यासारखी आली. सर म्हणाले, "चढउतार. हेच तर वैशिष्ट्य आहे या प्रकाराचं." आमचे सर हुशारच. कुठलीही अडचण त्यांच्याकडे नेली की ती परत येताना वैशिष्ट्य होऊन येई.

ओळखपत्राचं तसंच टाकून आम्ही नाश्त्याला गेलो. आश्विनातली संकष्टी होती. आयोजकांना मी आधी कळवलं होतं, त्यामुळे माझ्यासाठी म्हणे खास व्यवस्था होती. काउंटरवर 'जैन' अशी पाटी होती.

"मॅडम, कांदा-लसूण काहीच नाही यात," वाढपी अभिमानाने म्हणाला. ताटात उपमा होता.

"मला उपासाचं हवं होतं."

"जैनच आहे मॅडम."

शेवटी आतून कोणीतरी साबुदाण्याची खिचडी घेऊन आलं. टोप चांगला भरलेला होता. ती खिचडी पाहून जैन, वैष्णव, नास्तिक असे सगळेच त्या काउंटरवर जमले आणि सगळ्यांत पुढे आमचे सर. उंच, शिडशिडीत, रोज पहाटे धावायला जाणारा माणूस. पण खिचडी म्हटली की त्यांचा तोल जाई.

"वैजयंतीबाई, तुमच्या गणपतीला माझा नमस्कार सांगा. त्याच्या कृपेने आम्हाला हे मिळतं." त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "काय ती म्हण, एकादशी..."

"आणि दुप्पट खाशी," फिरोजने पुरी केली. दर उपासाला सर ही म्हण म्हणत आणि दर उपासाला फिरोज ती पुरी करी. मी हसायचं असा आमच्याकडे रिवाज होता.

मी ताट घेऊन बसले आणि पहिला घास घेतला. चातुर्मासात माझा नेम असतो, जेवताना मौन. नाश्त्यालाही. एकदा घास तोंडात गेला की हात धुईपर्यंत शब्द नाही. आईकडून आलेला नेम आहे, मला तो कधी जड गेला नाही. पण हा नेम सरांना पक्का ठाऊक होता, आणि जे काम मला सांगायला अवघड जाई ते सांगायला ते बरोबर माझं ताट भरायची वाट पाहत.

"हां, ती पडताळणीची स्लाइड," खुर्ची ओढून बसत सर म्हणाले. "ती मागे टाकू. शेवटी. वेळ उरला तर दाखवू."

मी मान हलवली. आडवी.

"म्हणजे लपवायचं असं नाही. पण सुरुवातीलाच चढउतार दाखवले तर लोक गोंधळतात. आणि आपली सिग्नेचर आहे ना भक्कम."

ही सिग्नेचर म्हणजे एक स्निग्धाम्ल, रक्तातल्या चरबीचा एक घटक. पडद्यावर आमचे सगळे नमुने ठिपक्यांसारखे दिसत. बहुतेक ठिपके निळे, एकमेकांत मिसळलेले. आणि त्यांच्यापासून दूर, एका कोपऱ्यात, लाल ठिपक्यांचं एक बेट. त्या बेटावरच्या प्रत्येक बाईच्या रक्तात साखरेबरोबर हे स्निग्धाम्लही वाढलेलं होतं. फिरोजने ते शोधून काढलं आणि सरांनी त्याचं बारसं केलं, 'डेक्कन सिग्नेचर'.

मी पुन्हा मान हलवली. डोळे मोठे केले. तर्जनी वर केली, म्हणजे थांबा, हात धुऊन येते.

"ठरलं तर," सर उठले. "मौनं संमतिलक्षणम्." आणि गेले.

फिरोज माझ्याकडे पाहत होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "एक दिवस तुमचं हे मौन आपल्याला बुडवणार."

हात धुऊन बाहेर येते तो सर उद्घाटनाच्या मंचावर चढलेले. तासभर दीपप्रज्वलन, शाली, श्रीफळं, कुलगुरूंचं भाषण. दिव्याची वात पेटेना. पंखा कोणी बंद करीना. माझ्या घरी पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी दिवा लागतो, त्याला एक शालसुद्धा लागत नाही. मी मनातल्या मनात जप सुरू केला आणि तोही दोनदा चुकला.

मध्यंतरात मी सरांना गाठायला निघाले तर फिरोजने मला दुसरीकडेच ओढलं. बाहेरच्या मांडवात औषधकंपन्यांचे स्टॉल होते. बत्रासाहेबांच्या कंपनीच्या स्टॉलवर फुकट साखर तपासून देत होते. बोटाला टोचायचं, थेंब यंत्राला लावायचा, आकडा थेट टॅबमध्ये.

"चला ताई, नाहीतरी सर आता अर्धा तास फोटोत आहेत."

स्टॉलवरची मुलगी गोड होती. निळा कोट, हसरा चेहरा. "मॅडम, फास्टिंग का?"

"मॅडम कायम फास्टिंगच असतात," फिरोज म्हणाला. "आज चतुर्थी आहे त्यांची."

"अरे वा. माझ्या आईचीपण आहे." तिने टॅबवरचं 'फास्टिंग'चं बटण दाबलं, टोचलं, थेंब घेतला. यंत्राने विचार केला आणि ते बारीक आवाजात किंचाळलं. टॅबचा पडदा लाल झाला. मुलीचा चेहरा एकदम नर्ससारखा झाला.

"मॅडम, घाबरू नका हं. बसा तुम्ही. उपाशीपोटी एकशे अठ्ठावन्न म्हणजे जास्त आहे जरा. आधी कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"अगं, मी आत्ताच खाऊन आले."

"पण उपास आहे न तुमचा?"

"उपास आहे."

"मग?"

"खिचडी खाल्ली. दूध घेतलं."

"म्हणजे उपास नाही आहे?"

"आहे. चंद्रोदयाला सोडायचा."

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली, मग टॅबकडे, मग फिरोजकडे. "सर, मग मी इथे काय लिहू? इथे दोनच बटणं आहेत."

"बघा आता," फिरोज हसत होता. "मी ताईंना किती वर्षं सांगतोय. आमच्या रोज्यात पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तुमचा उपास म्हणजे नुसता मेनू बदलतो." आणि बोलता बोलता त्याचं हसू ओठांवरच थांबलं.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी पर्समधून फोन काढला होता.

इंदुताईंनी बऱ्याच वेळाने उचलला. मागे शेळी ओरडत होती.

"कोन? पुन्याच्या बाई व्हय? बोला की."

"इंदुताई, शिबिराला आलात त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?"

"काय न्हाई ओ. उपास हुता न्हवं. श्रावनी सोमवार. तुमच्या त्या पोरानं इच्यारलं की, उपास हाय का? म्या म्हनलं, हाय."

"हो. पण उपासाला काय घेतलं होतं?"

"उपासाला व्हय?" त्यांचा आवाज खुलला. "आपलं नेहमीचंच. खिचडी केलती. कूट जरा जास्त घातलं, शिबिराला लांब चालत जायाचं म्हनून. रताळं उकडलं, गुळासंगं. राजगिऱ्याचा लाडू सुनंनं दिला वाटंला. न् चा." जरा थांबून म्हणाल्या, "का ओ बाई? उपास मोडला व्हय माजा?"

"नाही इंदुताई. उपास तुमचा अगदी नीट झाला."

मी फोन ठेवला. फिरोज आपल्या फोनवर काहीतरी शोधत होता. त्याला सापडलं, त्याने वाचलं, आणि फोन माझ्यासमोर धरला. मी वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"वर्षभर," तो म्हणाला. "वर्षभर मी त्या स्निग्धाम्लाचं नाव टाइप करतोय ताई."

"सर कुठे आहेत?"

सर पुढच्या सत्राचे अध्यक्ष होते. मी सभागृहात पहिल्या रांगेत जाऊन बसले, चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती वाचली, खिशात घातली आणि हात वर करून मला आश्वासन दिलं, म्हणजे स्लाइडचं लक्षात आहे. सत्र संपल्यावर मी पायऱ्यांपाशी उभी राहिले. "सर, एक मिनिट." त्यांच्याभोवती विद्यार्थी होते. "सर, फार महत्त्वाचं आहे." एका प्राध्यापकांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि म्हणाले, "पुराणिक सर नाही आले का?" मी आयुष्यात कोणाला अपशब्द बोललेली नाही. त्या प्राध्यापकांनाही बोलले नाही. पण गणपतीला ठाऊक आहे काय मनात आलं होतं.

"वैजयंतीबाई, जेवताना बोलू," सर गर्दीतून ओरडले. "या, बत्रासाहेबांच्या टेबलावर या."

जेवताना बोलू. मला.

बत्रासाहेब पुण्यात काही वर्षं राहिलेले, मराठी बोलायची हौस असलेले, जाडजूड आणि हसतमुख. माझ्यापुढे भगर, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर आली. सरांनी दुपारीही उपासाच्या काउंटरकडेच मोर्चा वळवला होता. त्यांच्या ताटात साबुदाण्याचे वडे रचलेले, शेजारी गोड दही, आणि बासुंदीची वाटी.

मी भगरीला हात लावला नाही. जोवर घास उचलत नाही तोवर माझं तोंड माझं आहे, एवढा हिशेब मी पायऱ्यांवरच केला होता.

"सर, ते लाल बेट..."

"खा आधी. गार होईल. बत्रासाहेब, तुम्हाला सांगतो," सर वडा मोडत म्हणाले, "भारतात सगळ्यात अवघड गोष्ट कोणती? उपाशीपोटी रक्त मिळवणं. दहादा बजावून सांगा, लोक खाऊन येतात. आम्ही काय केलं? शिबिरं उपासाच्याच दिवशी ठेवली. सोमवार, चतुर्थी, एकादशी. देवळाच्या मंडपात. बायका आपोआप जमतात आणि आपोआप उपाशी. खर्च नाही, कटकट नाही. आपल्या परंपरेचा शास्त्राला असा उपयोग कोणी केला नव्हता."

"बढिया," बत्रासाहेब म्हणाले. "फार बढिया आयडिया."

"सर, मी मघाशी इंदुताईंशी..."

"वैजयंतीबाई, तुम्ही जेवत का नाही? तब्येत बरी आहे ना?" त्यांनी दुसरा वडा दह्यात बुडवला. "यांचं व्रत फार कडक, बत्रासाहेब. एकादशी आणि..."

या वेळी फिरोजने म्हण पुरी केली नाही. तो समोर बसून ताटातल्या पोळीचे तुकडे करत होता. सरांनी क्षणभर वाट पाहिली, मग स्वतःच "दुप्पट खाशी" म्हणून हसले आणि बासुंदी संपवली.

माझा आवाज वर जात नाही. कितीदा प्रयत्न केला तरी नाही. मी ताट सारलं, उठले आणि मांडवात गेले. निळ्या कोटातली मुलगी डबा खाऊन हात पुसत होती. तिला म्हटलं, तुमचे साहेब आत आहेत, आमच्या सरांची साखर तपासताना फोटो काढायचाय. ती टॅब आणि यंत्र घेऊन लगबगीने माझ्यामागे आली. मी खोटं बोलले नव्हते. फोटो निघणारच होता. बत्रासाहेबांनी मुलीला पाहताच स्वतःचा फोन बाहेर काढला.

"वा, वा. सर, एक फोटो झालाच पाहिजे. संशोधक स्वतः तपासणी करताना."

सरांनी कोटाची बाही सारखी केली आणि बोट पुढे केलं.

"सर, फास्टिंग का?" मुलीने विचारलं.

"सरांचा आज उपास आहे," मी म्हटलं. "सकाळपासून."

सर खुशीत हसले. "हो हो, लिहा. वैजयंतीबाईंच्या संगतीत आज मलाही पुण्य."

मुलीने बटण दाबलं. टोचलं. यंत्र किंचाळलं आणि पडदा लाल झाला.

"सर, घाबरू नका हं," ती म्हणाली. "उपाशीपोटी एकशे एकाहत्तर म्हणजे..."

"छे," सर म्हणाले. "यंत्र बिघडलंय."

"दाखवू का परत करून?"

"अहो, मी रोज आठ किलोमीटर धावतो. माझ्या घराण्यात कोणाला नाही. उपाशीपोटी कसलं? मी आत्ता तुमच्यासमोर चार वडे खाल्ले, बासुंदी प्यालो, दही..."

"इंदुताईंनीही खाल्ली होती सर," मी म्हटलं. "खिचडी. आणि रताळं, आणि राजगिऱ्याचा लाडू. त्यांना आपण विचारलं, उपास आहे का. त्या म्हणाल्या, आहे."

 मागच्या टेबलावर कोणीतरी चमचा पाडला. सरांचं बोट अजून पुढे होतं, त्यावर रक्ताचा एक बारीक थेंब होता. ते त्याकडे बघत होते.

"पण पडताळणीला..." ते म्हणाले.

"घरी गेलो होतो. साध्या दिवशी. त्या उठल्या उठल्या."

"पण सिग्नेचर?" आता ते फिरोजकडे वळले होते, आवाजात जवळजवळ विनवणी होती. "ते स्निग्धाम्ल? ते तर खरं आहे ना? तुम्हीच काढलंत ते."

फिरोजने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दाण्याचं कूट, सर."

"काय?"

"भुईमूग," फिरोज म्हणाला. "त्या स्निग्धाम्लाच्या नावातच आहे सर. लॅटिनमध्ये भुईमुगाला जे म्हणतात त्याच्यावरूनच ठेवलंय नाव. आपल्यापैकी कोणी लॅटिन वाचलं नाही."

बत्रासाहेबांनी फोन हळूच खाली ठेवला. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "दख्खनच्या बायकांना नेमका कसला आजार आहे?"

"सोमवार," फिरोज म्हणाला.

सर उठून खिडकीपाशी गेले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचा राग आला होता मला महिनोन्‌महिने, तरी त्या पाठीकडे पाहून मला कसंसंच झालं. अमुक एक गोष्ट आपल्या नावाने जगात राहील अशी माणसाला आस असते. त्यांची ती खिचडीत गेली होती. ते परत आले तेव्हा म्हणाले, "माझी आई आयुष्यभर सोमवार करत होती. दर सोमवारी शाळेतून आलो की मी तिची उरलेली खिचडी खायचो." मग बत्रासाहेबांना म्हणाले, "सही नाही करत मी. एकाही बाईला गोळी द्यायची नाही."

मी ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला. भगर गार होऊन गोळा झाली होती.

दुपारचं भाषण झालं. सर मंचावर गेले आणि सगळं सांगून टाकलं; लाल बेट, देऊळ, कूट, बासुंदी, स्वतःचं बोटसुद्धा. सभागृह आधी हसलं आणि मग उभं राहिलं. परिषदेतल्या कोणत्याही शोधाला एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत. नंतर त्याच भाषणासाठी त्यांना सिंगापूरला बोलावलं, मग जिनिव्हाला. 'आकड्यांमागची संस्कृती' असं काहीतरी नाव असे. आमचे सर ते सरच. अडचण परत येताना वैशिष्ट्य होऊन आली. सिंगापूरच्या शेवटच्या स्लाइडवर त्यांनी माझे आभार मानले होते, असं फिरोज मला सांगत आला. नागपूरच्या नोंदणीतून उचललेलं नाव होतं, 'मि. वैजय पुराणिक'.

पुढच्या श्रावणात आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. या खेपेस प्रश्न मी लिहिला होता. 'उपवास' हा शब्द काढून टाकला. घोटून घोटून, फिरोजला चार-चारदा वाचून दाखवून एक वाक्य केलं: काल रात्रीच्या जेवणानंतर आत्तापर्यंत काही खाल्लंत का?

इंदुताई रांगेत पहिल्या. नव्या लुगड्यात, कडेवर नातू.

"काही खाल्लंत का काल रात्रीपासून?"

"काय सुदीक न्हाई."

"नक्की?"

"देवाशपथ. तुमी मागल्या टायमाला इतकं खोदून इच्यारलं, म्या ध्यानात ठिवलंय."

रक्त घेतलं. हात मीच धरला. पट्टी बांधून हात सोडता सोडता कुठूनसं मनात आलं आणि विचारलं, "चहा?"

"चा घेतला की. दोन येळा." इंदुताईंनी माझ्याकडे अपूर्वाईने पाहिलं. "चा म्हंजी काय खानं हाय व्हय, बाई?"

मागे फिरोजने टेबलावर कपाळ टेकलं. रांगेत चाळीसेक बायका होत्या. त्या सगळ्या मान डोलावत होत्या, की खरंच, चहा म्हणजे काय खाणं आहे का.

मी टेबलावर हात जोडून बसून राहिले. इंदुताईंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून कागदाची पुडी काढली. नातवाचा नुकताच दुसरा वाढदिवस झाला होता. बारशाला खायचे राहिलेले पेढे त्यांनी सगळे त्या वाढदिवसाला खाल्ले, म्हणाल्या, आणि एक तुमच्यासाठी ठेवला.

"इंदुताई, आज माझा उपास आहे."

"आवं, मंग काय झालं," त्या म्हणाल्या. "पेढा चालतो की उपासाला."

मी पेढा तोंडात टाकला. चातुर्मास होता, त्यामुळे पुढे काही बोलण्याचा प्रश्नच नव्हता.